सगळे म्हणाले, जड आहे

आमच्या सुकापूरच्या बिल्डिंगीमागे भातशेतीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. तीन बाजूंना बिल्डिंगी, चौथ्या बाजूला सिमेंटच्या गोण्यांचं गोदाम आणि मधे हा पिवळा चौकोन. मालक भावाभावांचं एकमत होत नाही म्हणून तो विकला जात नाही, असं आमचा वॉचमन सांगतो. दसरा झाला की दोन बायका आणि एक म्हातारा विळे घेऊन त्यात उतरतात. गॅलरीत कपडे वाळत घालताना मला तो वास येतो. कापलेल्या भाताचा, थोडा गोड, थोडा कुबट. शेजारच्या देसाईकाकू त्यांच्या गॅलरीतून म्हणतात, "काय छान वाटतं ना, अगदी गावी आल्यासारखं!" मी हो म्हणते. मला छान वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. हातातला टॉवेल तसाच राहतो आणि कासमभाईंची मशीन आठवते.

अकरा-बारा वर्षं झाली असतील. मी तेव्हा पनवेलच्या एका छोट्या कंपनीत होते. कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड, तिच्या कोपऱ्यात काचेची केबिन आणि बाहेर एक करंजाचं झाड. विळे, कोळपी, फवारणीचे पंप असली शेतीची किरकोळ अवजारं तिथे व्हायची. त्या वर्षी साठेसाहेबांनी ठरवलं की भात झोडायची पायाने चालणारी मशीन काढायची. वीज नको, डिझेल नको. पायाने पायडल मारायचं, ढोल फिरतो, त्यावर भाताची मूठ धरायची, दाणे खाली पडतात. दोन नमुने तयार झाले, एक केतनचा आणि एक कासमभाईंचा. दोघांतला एकच पुढे जाणार होता. कासमभाईंचा गेला असता तर ते मस्कतला परत गेले नसते. गोष्ट एवढीच आहे. बाकीचं मी दर कापणीला उगाच आठवत बसते.

केतन आमचा इंजिनियर. पुण्यात शिकलेला, सव्वीस-सत्तावीसचा, कामाला चोख, स्वभावाने गरीब. कासमभाई फिटर, पन्नाशीला टेकलेले, पनवेलचेच. अकरा वर्षं मस्कतच्या एका वर्कशॉपमध्ये काढून वर्षापूर्वी घरी आले होते. साहेबांनी त्यांना त्या नमुन्यापुरतं घेतलं होतं. नमुना पास झाला तर कायम, नाहीतर राम राम. हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्यापुढचंही माहीत होतं, कारण दुपारच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी येऊन बसायचे. तो रमजानचा महिना होता. मी डबा उघडायला संकोचले की म्हणायचे, "खावा ताई, खावा. वासाने माझा रोजा तुटत नाय."

त्यांना एक मुलगी होती, रेहाना. "मी गेलो तवा रांगत होती," ते एकदा सांगत होते. "दोन-दोन वर्षांनी यायचो महिनाभर. कायमचा आलो ना, त्या दिवशी दारात उभी राहून विचारते कशी, चहा घेणार का? पाहुण्याला विचारतात तसं." ते हसले. मीही हसले. मग म्हणाले, "आता गणित घेऊन बसते माझ्यापाशी. मला कुठे येतं सातवीचं गणित? पण बसते." मस्कतच्या जुन्या मालकाने व्हिसा तयार ठेवला होता. दिवाळीनंतर हो की नाही कळवायचं होतं. "मशीन पास झाली तर नाय म्हणून कळवतो. तिची दहावी तरी घरात बसून बघीन, इन्शाल्ला."

आता माझ्याविषयी सांगायचं तर त्या ऋतूत मी बधीर होते. का, ते विचारू नका, मला सांगता येत नाही. घरात कुणी गेलं नव्हतं, लग्न मोडलं नव्हतं, आजार नव्हता. दातांच्या डॉक्टरने हिरडीत सुई दिली की आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं काहीतरी आतून झालं होतं. सकाळी उठायचे, कामोठ्याच्या बहिणीच्या घरून रिक्षाने निघायचे, काम करायचे, साडेपाचच्या गाडीने परत जायचे. बहीण म्हणायची, तू हल्ली ऐकतेस की नाही तेच कळत नाही. मी ऐकत होते. शब्द कानात यायचे, फक्त ते कुठे पोचत नव्हते. लोक म्हणतात दुःखाने माणूस बधीर होतो. माझं दुःख नंतर आलं, आणि आलं तेही अर्धमुर्धं.

म्हणूनच कदाचित त्या दिवसांचं बारीकसारीक सगळं लख्ख आठवतं. मनात काही उलाढाल नसली की डोळ्यांना भरपूर जागा मिळते. सकाळी गवतावर दव आणि अकरा वाजता डोकं तापवणारं ऊन, असे ते उलटसुलट दिवस. शेतांवर चतुरांचे थवे. कळंबोलीकडून लोखंड भरून येणारे ट्रक, त्यांच्या मागे लोंबणाऱ्या सळ्या आणि सळ्यांच्या टोकाला बांधलेली लाल चिंधी. रस्त्याच्या एका बाजूला खाडीकडची पिवळी खाचरं, दुसऱ्या बाजूला "बुकिंग सुरू" असे फलक. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. बाजारात कंदील आणि शेवया एकाच दुकानात टांगलेल्या. मी दोन्ही घेतलं, कारण समोर होतं.

माझं काम म्हणजे माहितीपुस्तिका लिहिणं. मशीन कशी लावायची, तेल कुठे घालायचं, हात कुठे घालायचा नाही. त्यासाठी चाचणीच्या वेळी शेतावर जावं लागायचं. दसऱ्यानंतर लवकर पिकणारा हळवा भात कापायला आला तेव्हा आम्ही दोन्ही मशीन टेम्पोत घालून जवळच्या एका गावात नेल्या. टेम्पोतून उतरवताना सगळी कंपनी हजर होती. केतनची पत्र्याची मशीन, पिवळ्या रंगाची, एकट्या माणसाने डोक्यावर घेतली आणि बांधावरून चालत निघाला. कासमभाईंच्या मशीनचा ढोल सागाच्या पट्ट्यांचा आणि सांगाडा लोखंडी. तिला चार जण लागले. बांधावर एकाचा पाय घसरला, मशीन कलली, सगळे हो-हो करून धावले. साठेसाहेब म्हणाले, "कासमभाई, ही मशीन आहे की रणगाडा?" सगळे हसले, कासमभाईही हसले. त्या दिवशी, पुढे ज्यांनी निर्णय घेतला त्या आम्ही पाचही जणांनी एक गोष्ट एकाच वेळी, एकाच जागी उभं राहून पाहिली, की कासमभाईंची मशीन जड आहे.

त्यानंतर साहेब, केतन आणि बाकीचे परत गेले. मी चार दिवस खळ्यावर जात होते. हिराबाय नावाची एक बाई होती, साठीची, काटक, कपाळावर मोठं गोंदण. ती आणि तिच्या दोन सुना आळीपाळीने दोन्ही मशीनवर काम करायच्या. पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पिवळ्या मशीनवर बायका मुकाट असतात आणि लाकडी मशीनवर त्यांच्या गप्पा चालतात. कुणाच्या पोरीला बघायला आले, कुणाची म्हैस आटली, कोण जमिनीचे पैसे घेऊन नवी गाडी घेऊन आला. मी हिराबायला विचारलं, "कोणती बरी वाटते?"

"ही लाकराची," ती म्हणाली. "ही बरी हाय. हिच्यावर बोलता येतं. ती पिवली लय वरडते. बाजूचीचं आयकू येत नाय, मंग काम सरत नाय बाय."

मग काम सरत नाही. मी ते लिहून घेतलं नाही. पुस्तिकेत कुठे घालणार होते? तेल महिन्यातून एकदा, नट-बोल्ट आठवड्यातून एकदा, आणि गप्पा मारता येतात? पण ते मला दिसलं होतं. लाकडी मशीनवर बायका दुपारी उशिरापर्यंत टिकायच्या आणि पिवळीवरून तासाभराने कपाळ धरून उठायच्या. घड्याळ लावून मोजलं असतं तर आकडा मिळाला असता. मी मोजलं नाही. कासमभाई तेव्हा बांधावर करवंदीच्या सावलीत बसलेले असायचे, रोजा असल्याने घोटभर पाणीही न पिता, आणि लांबूनच ढोलाचा आवाज ऐकायचे. डोळे मिटून. मी जवळ गेले की विचारायचे, "काय म्हणतात बाया?" मी म्हणायचे, "चांगली आहे म्हणतात." एवढंच.

आता मीटिंगविषयी सांगायला हवं, कारण आमची मीटिंग हा एक खास प्रकार होता. साठेसाहेब माणूस सज्जन, पण त्यांचा एक जुना चटका होता. पूर्वी एकदा फवारणी पंपाला हिरवा रंग द्यायचा की निळा यावर चार तास वाद झाला होता, आणि दोन माणसं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हती. तेव्हापासून त्यांनी नियम केला की एकेकाने एकच मुद्दा मांडायचा. प्रत्येकाने आपला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा सांगायचा, एका वाक्यात, आणि पुढच्याला वाट द्यायची. दुसऱ्याला मधे तोडायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही. या नियमाचा आम्हाला कोण अभिमान! मीटिंग वीस मिनिटांत संपायची, भांडण नाही, आणि साडेपाचची गाडी सगळ्यांना मिळायची. बाहेरच्या लोकांना आम्ही कौतुकाने सांगायचो की आमच्याकडे असं असतं.

ईद झाली, भाऊबीज झाली, आणि त्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी मीटिंग बसली. केबिनमध्ये पाच जण होतो. साठेसाहेब, केतन, खरेदीचे म्हात्रे, चाचणी बघणाऱ्या नलिनीताई आणि मी. कासमभाई फिटर असल्यामुळे मीटिंगला नव्हते. फिटर मीटिंगला नसायचे. ते केबिनबाहेर करंजाखाली लाकडी स्टुलावर बसले होते, ईदचा नवा बदामी शर्ट घालून. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. टेबलावर त्यांनी आणलेल्या शीरखुर्म्याचा डबा होता आणि माझ्या बहिणीच्या करंज्या होत्या. साहेब म्हणाले, "चला, एकेक मुद्दा. म्हात्रे?"

म्हात्रे म्हणाले, "दोन्ही बऱ्या हायेत साहेब, पण कासमभाईंची जड आहे. न्यायला-आणायला त्रास होणार."

नलिनीताई म्हणाल्या, "वजन हाच प्रश्न आहे."

केतन स्वतःच्या मशीनबद्दल बोलायला संकोचत होता. त्याने टेबलावरची करंजी उगाच फिरवली आणि म्हणाला, "वजनाचं बघावं लागेल सर."

मग माझी पाळी आली. मला आठवतं, माझ्या तोंडाशी हिराबाय होती. पण एकच मुद्दा सांगायचा होता, आणि सगळ्यात महत्त्वाचा. समोर चार माणसं कामाची, गंभीर. बायका गप्पा मारतात हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे असं मी म्हणणार होते? आधीच्या तिघांनी वजन म्हटलं होतं, म्हणजे महत्त्वाचं वजनच असणार. शिवाय ते खरंही होतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हणाले, "जड आहे."

साहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मग एकमत आहे," ते म्हणाले, आणि वहीत लिहिलं. घड्याळात पाचही वाजले नव्हते. कुणीतरी शीरखुर्मा वाढला. छान झाला होता.

मी दाराजवळ बसले होते म्हणून पहिली बाहेर मी आले. कासमभाई स्टुलावरून उठले. मी म्हणाले, "केतनची."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "काय म्हणाले?"

"जड आहे म्हणाले."

"सगळे?"

"सगळे."

"तुमी पण ताई?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं की खरं, हा विचारही माझ्या मनात आला नाही. त्यांनी स्टूल उचललं, शेडमध्ये नेऊन जागेवर ठेवलं आणि हात धुवायला गेले. मी साडेपाचच्या गाडीला गेले. गाडीत खिडकी मिळाली. बाहेर शेतांत भाताचे भारे उभे केलेले होते, आणि मला काहीही वाटत नव्हतं.

पंधरा दिवसांत ते गेले. जाण्याआधी दोन दिवस येऊन केतनला त्याच्याच मशीनचा ढोल कसा बसवायचा ते दाखवून गेले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. लाकडी मशीन शेडच्या मागे ठेवली गेली. पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर कुणीतरी ताडपत्री टाकली, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ताडपत्री कुणीतरी दुसऱ्या कामाला नेली.

आता मी वाशीच्या एका मोठ्या ऑफिसात आहे. तिथे माहिती लपत नाही असं म्हणतात. सगळं सगळ्यांना पाठवलेलं असतं, फोनवरच्या ग्रुपवर दिवसभर टिंग-टिंग चालू. एखादा तक्ता येतो आणि खाली वीस अंगठे उमटतात. तरीही मी मीटिंगमध्ये बसले की मला तीच केबिन दिसते. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बोलणारा माणूस शहाणा दिसतो. माना डोलतात, कारण ऐकणाऱ्यालाही आपण शहाणे असल्यासारखं वाटतं. एकट्यालाच ठाऊक असलेली गोष्ट बोलायला गेलं की लोक भुवया उंचावतात, पुरावा मागतात, आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप बारीक होतो. मग ती गोष्ट आपण घरी घेऊन जातो. मी कितीदा घेऊन गेले आहे. ऑफिसातूनच असं नाही, घरच्या पंगतीतूनसुद्धा. सुकापूरची ही जागा घेतली तेव्हा आम्ही सगळे नातेवाईक तासभर एकच बोलत होतो, हवा चांगली येते. पाणी दिवसाआड येतं हे माझ्या मेव्हण्यांना ठाऊक होतं. त्यांना वाटलं, आम्हालाही ठाऊक असेल.

त्या मीटिंगमधून काय काय घरी गेलं, ते मला दोन वर्षांनी कळलं. शेड बंद होत होती. पिवळ्या मशीनने दोन हंगाम कसेबसे काढले होते, आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आजूबाजूची शेतंच कमी होत चालली होती. खळ्यांच्या जागी खड्डे, खड्ड्यांत पाया. हिराबायच्या शेतावर आता सात मजली इमारत आहे. तेव्हा आमची कुठलीही मशीन चालली नसती, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकते. घालून पाहिली आहे. पण कंपनी कायम चालावी असं कासमभाईंचं मागणं नव्हतं. त्यांना रेहानाच्या दहावीपर्यंतची तीन वर्षं हवी होती.

त्या दुपारी आम्ही तेच पाच जण शेडमध्ये खोक्यांवर बसून चहा पीत होतो. सामान बांधून झालं होतं. पिवळ्या मशीनचा विषय कसा निघाला आठवत नाही. नलिनीताई म्हणाल्या, "ती पिवळी सरकायची हो. पायडल मारलं की दर चार मिनिटांनी वीतभर पुढे. मी चाचणीच्या वेळी शेडच्या खांबाला दोरीने बांधायचे, आकडे नीट यावेत म्हणून. कासमभाईंची मात्र ठेवली तिथून हलायची नाही. जड होती ना." बोलता बोलता त्या थांबल्या.

मी विचारलं, "म्हणजे वजन हा गुण होता?"

"तसं बघितलं तर," त्या म्हणाल्या. "पण मी वजन म्हटलं ते सगळ्यांनी म्हटलं म्हणून. दोरीचं काय सांगणार?"

म्हात्रे म्हणाले, "मला कळंबोलीच्या यापाऱ्यानं सांगितलेलं, पिवळीचा हा पत्रा दिवाळीनंतर नाय भेटनार, पातळ येनार. मला वाटलं, खरेदीचं हाय, माझं मी बघीन."

साठेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पेणच्या दुकानदारांनी त्यांना सांगितलं होतं की चार घरं मिळून एक मशीन घेतील आणि एकाच्याच खळ्यावर ठेवतील. ने-आण करायचा प्रश्नच नव्हता. "मी शेवटी बोलणार होतो," ते म्हणाले. "पण तुमचं सगळ्यांचं एकमत झालेलं. म्हटलं, आपण कशाला मोडता घाला?"

केतन सगळ्यात शेवटी बोलला. खाली बघत. ओल्या भाताने त्याचा ढोल वाकायचा. मीटिंगच्या आदल्या आठवड्यात त्याने तो एकट्याने हातोडीने सरळ केला होता. "कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," तो म्हणाला. "मला वाटत होतं कासमभाईंचीच घ्यावी. मला वाटलं तुम्ही सगळे बघताय."

मग मी हिराबायचं सांगितलं. कुणी कुणाला दोष दिला नाही, कुणी हळहळलंही नाही. एखाद्या तुटलेल्या कपाचे तुकडे प्रत्येकाच्या खिशातून निघावेत, तसे आम्ही ते खोक्यावर मांडून बसलो होतो. चहा संपला. साहेब म्हणाले, "टेम्पोवाला आला." आम्ही उठलो. मला वाटलं होतं घरी गेल्यावर तरी काही होईल. काही झालं नाही. भाजी चिरली, जेवले, झोपले.

पण तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. कासमभाई कधी भेटले तर त्यांना हे सांगायचं. तुमची मशीन चांगली होती, ती सगळ्यांना चांगली वाटत होती, प्रत्येकाला वेगवेगळ्या कारणाने. हे त्यांचं देणं आहे असं मला वाटायचं. दर कापणीला मी ते मनात नीट जुळवून ठेवायचे. आधी नलिनीताईंचं, मग म्हात्र्यांचं, असं क्रमाने. इतकी तयारी मी त्या मीटिंगची केली असती तर.

मागच्या आठवड्यात ते भेटले. पनवेलच्या बाजारात, कापडाच्या दुकानांच्या ओळीत, भर दुपारी. मी ओळखलं नसतं. दाढी पूर्ण पांढरी, खांदे खाली आलेले. त्यांनीच हाक मारली, "ताई! पुस्तिकावाल्या ताई ना?" महिन्याच्या सुट्टीवर आले होते. रेहानाचं लग्न होतं. ती आत दुकानात कापड बघत होती. "दहावीला पहिली आली शाळेत," ते म्हणाले. "फोनवर सांगितलं तिने." मी साहेबांची, केतनची खुशाली सांगितली. आणि मग तिथेच, रिक्षांचे हॉर्न वाजत असताना, मी सुरुवात केली. दोरीचं सांगितलं. पत्र्याचं, पेणच्या दुकानदारांचं, हातोडीचं. बायकांच्या गप्पांचंही सांगितलं. भराभर बोलत होते. अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी हललं, मला बरं वाटत होतं. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही.

त्यांनी हात वर केला. "बस ताई," ते म्हणाले. "नका सांगू."

मी थांबले.

"मशीन खराब होती म्हणून गेलो. हे मनात बसलंय माझ्या. त्याच्यावर दिवस काढले तिकडे. आपल्यात कसब कमी पडलं, नसीब, दुसरं काय." ते सावकाश बोलत होते, रागाने नाही. "आता तुमी म्हणता चांगली होती. सगळ्यांना म्हाईत होतं. मग मी गेलो कशाला?"

त्यांनी दुकानाकडे वळून पाहिलं. "ती येते आहे. तिला नका सांगू हे. तिला तरी नका."

रेहाना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायऱ्या उतरून आली. उंच, बापासारखे डोळे. कासमभाई म्हणाले, "ह्या ताई. आमच्या पनवेलच्या कंपनीतल्या." तिचा चेहरा उजळला. तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"म्हणजे अब्बांनी मशीन बनवली होती ना, तिथल्या तुम्ही?" तिने विचारलं. "मी लहान होते, मला बघायला नेणार होते, राहूनच गेलं. घरी कधी बोलत नाहीत त्याबद्दल. कशी होती हो ती?"

कासमभाई जमिनीकडे बघत उभे होते.

"फार वर्षं झाली ग," मी म्हणाले. "मला आता नीट आठवत नाही."

ती बरं म्हणाली, हसली, आणि बापाच्या हाताला धरून रिक्षा बघू लागली.